जुन्या एमपीएफआय गाडीचे आयडलिंग थरथरत असेल तर दोष कसा शोधावा

सिग्नलला उभे असताना स्टीअरिंगमधून हाताला मुंग्या येतात, आरशातली मागची गाडी थरथरताना दिसते, एसी लावला की इंजिन दबते आणि रेस दिली की सारे सुरळीत होते. पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीची ही तक्रार गॅरेजमध्ये सांगितली, की बहुतेक वेळा तपासणीआधी सुटे भाग बदलायला सुरुवात होते. माझ्या तीन सिलिंडरच्या छोट्या गाडीत आधी प्लग, मग प्लगच्या वायरी आणि शेवटी आयडलची हवा कमी-जास्त करणारा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह बदलला गेला, तरी उभ्या गाडीत इंजिनाचा आवाज झोपाळ्यासारखा वर-खाली होतच राहिला. दोष निघाला इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळकांड्याच्या, एका रबरी पाइपात. वरून तो धडधाकट दिसत होता. बोटाने वाकवल्यावर खालच्या बाजूला नखाएवढी चीर उघडली आणि सोडल्यावर पुन्हा मिटली.

आयडलला, म्हणजे रेस न देता नुसते चालू असताना, इंजिन सर्वांत हळवे असते, हे आधी लक्षात घ्यावे. हवा आत सोडणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते, आत जाणारी हवा अगदी मोजकी असते आणि त्यामुळे थोडीशी चोरटी (गळतीतून शिरलेली) हवा किंवा एखादी कमजोर ठिणगी लगेच जाणवते. तोच दोष २,५०० आरपीएमला झाकला जातो. गाडी हवा कशी मोजते यावरही लक्षण ठरते. मारुती ८०० एमपीएफआयसारख्या गाड्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. चोरटी हवा शिरली की त्याला दाब वाढलेला दिसतो, ईसीएम (इंजिनाचा संगणक) पेट्रोल वाढवतो आणि आयडल कमी होण्याऐवजी चढते किंवा झुलत राहते. एअर फिल्टरनंतर हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर ज्या गाडीत आहे, तिथे त्याला चुकवून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ होते आणि इंजिन अडखळते.

बोनेट उघडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, थरथर सकाळी थंड इंजिनात आहे की गरम झाल्यावर. दुसरी, ती तालात आहे की बेताल. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हात धरावा. ठरावीक अंतराने एक ठोका चुकत असेल तर बहुधा एकच सिलिंडर काम करत नाही, आणि धक्के कसेही येत असतील तर हवा किंवा मिश्रण यांचा दोष सर्वच सिलिंडरना भोवतो आहे. हाताला ठोके एकसारखे लागत असूनही गाडीची बॉडी हादरत असेल, तर इंजिन माउंटिंगचे रबर बसले आहे का ते पाहावे. तीन सिलिंडरचे इंजिन निरोगी असतानाही किंचित हलतेच, त्यामुळे चार सिलिंडरच्या गाडीशी त्याची तुलना करू नये.

तपासणी मोकळ्या हवेत, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढून करावी. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो, म्हणून ओढणी, सैल बाही आणि वायरी त्यापासून दूर ठेवाव्यात.

ठोका तालात चुकत असेल तर दोषी सिलिंडर शोधणे सोपे आहे. इंजिन सुरू ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढावा आणि परत लावावा. ज्याचा कनेक्टर काढल्यावर इंजिन आणखी दबते तो सिलिंडर काम करतो आहे. ज्याचा काढूनही काही फरक पडत नाही तो गुन्हेगार. काही मेकॅनिक याच कामासाठी चालू इंजिनावर प्लगची वायर उपटतात, पण त्यात झटका बसू शकतो, कॉइलवर ताण येतो आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाते. कनेक्टर काढल्याने चेक इंजिनचा दिवा लागेल. त्यामुळे ईसीएममध्ये नोंदले गेलेले दोषाचे कोड नंतर पुसावेत, नाहीतर पुढचा मेकॅनिक त्यांच्याच मागे लागेल. दोषी सिलिंडर कळला, की इंजिन थंड करून त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावावा आणि त्याचा इकडे घ्यावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग बदलावा. नाही सरकला तर वायर, आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र असेल तर कॉइल, याच रीतीने अदलाबदल करून पाहावी. या पद्धतीत एकही भाग विकत घ्यावा लागत नाही, म्हणूनच कदाचित ती फारशी वापरली जात नाही. पावसाळ्यात अंधारात बोनेट उघडून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला, तर फुटलेल्या वायरीतून उडणारी निळी ठिणगी डोळ्यांना दिसते.

गाडीला सीएनजी किट असेल तर तपासणीचे एक फुकटचे साधन हाताशी आहे. थरथर फक्त पेट्रोलवर असेल तर इंजेक्टर, पंप किंवा फिल्टर यांच्याकडे पाहावे. फक्त गॅसवर असेल तर किटची जुळणी तपासावी, आणि त्याबरोबर प्लगही, कारण गॅस पेटवायला जोमदार ठिणगी लागते आणि कमजोर प्लग तिथे आधी उघडा पडतो. दोन्हींवर असेल तर दोष ठिणगी, चोरटी हवा किंवा कॉम्प्रेशनमध्ये (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेच्या दाबात) आहे.

ठोका बेताल असेल तर हवेची गळती शोधावी. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या कप्प्यातला) धूर परत नेणारा पीसीव्हीचा पाइप, पेट्रोल टाकीच्या वाफेचा पाइप, मॅप सेन्सरची बारीक नळी आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट या क्रमाने जावे. प्रत्येक पाइप वाकवून, दोन्ही टोकांशी हाताने चाचपून पाहावा. पावसाळ्यात बोनेटखाली मुक्कामाला येणाऱ्या उंदरांचे दात बहुधा खालच्याच बाजूला लागलेले असतात. मग इंजिन सुरू करून एकेक पाइप कापड गुंडाळलेल्या पक्कडीने दाबावा. आयडल लगेच बदलून स्थिर झाले तर गळती त्या पाइपात किंवा त्याच्या पुढे आहे. सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडून आवाजातला बदल ऐकणेही उपयोगी पडते. कार्ब्युरेटर क्लीनर फवारण्याची पद्धत सर्रास चालते, पण तो द्रव पेट घेतो आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो. उदबत्तीच्या धुराने गळती शोधण्याचा सल्ला तर अजिबात मानू नये.

गळती नसेल तर थ्रॉटल बॉडी उघडावी. झडपेच्या कडेला आणि आयडलच्या हवेच्या बारीक वाटेत काळा, चिकट कार्बन साचलेला असतो. थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर घेऊन तो पुसावा. आयडल कंट्रोल व्हॉल्व्हच्या मोटरमध्ये द्रव जाऊ देऊ नये आणि झडपेचा स्टॉप स्क्रू फिरवून आयडल ‘जुळवू’ नये. साफसफाईनंतर आयडल काही वेळ चढलेले राहू शकते, कारण ईसीएमने कार्बनसकट हिशेब शिकलेला असतो.

थंड इंजिनात नीट आणि गरम झाल्यावर काळा धूर, किंवा याच्या उलट, असे असेल तर कूलंटच्या तापमानाचा सेन्सर मल्टिमीटरने मोजावा. अनेक गाड्यांत तो २० अंश सेल्सिअसला २ ते ३ हजार ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम दाखवतो. सेन्सर बिघडला तर इंजिन गरम असूनही ईसीएम थंडीतले जादा पेट्रोल देत राहतो. स्कॅनर जोडता आला तर उत्तमच, पण भारतात ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष नोंदवून स्कॅनरला सांगण्याची प्रमाणित पद्धत) ची सक्ती २०१३ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीच्या अनेक गाड्यांशी स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बोलत नाही.

इंजेक्टरची टिकटिक लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक त्यावर आणि मूठ कानाला लावून ऐकता येते. टिकटिक नसेल तर कनेक्टर आणि वायर पाहावी. टिकटिक असूनही तो सिलिंडर मंद असेल तर इंजेक्टर काढून साफ करून घ्यावा.

प्लग, वायर, इंजेक्टर बदलून पाहूनही तोच सिलिंडर मंद राहिला, तर कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पुढे खर्च करू नये. इंजिन गरम असावे, सर्व प्लग काढावेत, पेट्रोल आणि ठिणगी बंद करावी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारावा. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा; तो प्रति चौरस सेंटीमीटर १ किलोच्या पुढे असू नये. कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल ओतून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत. चढला नाही तर आधी टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतली ठरावीक फट) तपासावा, विशेषतः गाडी वर्षानुवर्षे गॅसवर धावली असेल तर, कारण व्हॉल्व्हची सीट झिजून फट संपते आणि व्हॉल्व्ह गरम झाल्यावर पूर्ण बसत नाही. टॅपेट जुळवूनही कॉम्प्रेशन परतले नाही, तरच हेड खोलण्याचा निर्णय घ्यावा.