सिकलसेलचा रिपोर्ट हातात आलाय? या चुका टाळा

‘पॉझिटिव्ह आलंय, आता काय?’ विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली की हा प्रश्न ठरलेला. त्यावर आधी एकच विचारायचं, टेस्ट कुठली केली?

शिबिरात बहुधा सोल्युबिलिटी टेस्ट होते. नळीतल्या द्रावणात बोटातलं थेंबभर रक्त टाकतात, पाचेक मिनिटांनी नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात बुडाल्या तर पॉझिटिव्ह. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, एवढंच यातून कळतं. माणूस एएस म्हणजे नुसता वाहक, की एसएस म्हणजे रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासण्या) केल्यावरच समजतं. वाहक सहसा ठणठणीत असतो. पहिल्याच कागदावरून त्याला आजारी ठरवून मोकळे होऊ नका.

निगेटिव्हवरही डोळे मिटून विसंबू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगात गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे आजार असूनही रेघा स्वच्छ दिसू शकतात. रक्त फारच कमी असेल तरी तोच घोळ. आणि नुकतंच रक्त चढवलं असेल तर एचपीएलसीतही दात्याचं रक्त मिसळून येतं. तीनेक महिने थांबून तपासणी करा.

खरी फसगत लग्नाच्या वेळी होते. मुलगा एएस, मुलगी ‘सिकल निगेटिव्ह’, सगळे निश्चिंत! पण मुलगी थॅलेसेमिया मायनर, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराची वाहक असेल तर सोल्युबिलिटीत ते दिसतच नाही. अशा जोडप्याच्या मुलाला सिकल-थॅलेसेमिया होऊ शकतो, आणि तो कधीकधी एसएसइतकाच छळतो. म्हणून एचपीएलसी दोघांचीही हवी. त्यात ए2 या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचा आकडा 3.5 टक्क्यांच्या वर असेल तर थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा. लोह कमी असलं की हा आकडा खाली येऊ शकतो, तेव्हा फेरिटिनही, म्हणजे अंगातला लोहाचा साठाही बघून घ्या.

‘दोघं एएस, चारातलं एक आजारी, पहिलं झालं, आता पुढची तीन सुटली’ हा हिशोब तर घरोघरी ऐकू येतो. तो चूक आहे. प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के शक्यता नव्याने असते. आणि ‘हे सुनेच्या माहेरून आलं’ म्हणणाऱ्या सासूबाईंनी मुलाचाही रिपोर्ट काढावा. एसएस व्हायला दोन्हीकडचा जीन लागतो.

दिवस राहिले असतील तर हे सगळे कागद पहिल्याच भेटीला डॉक्टरांपुढे ठेवा. वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी साधारण 10 ते 13 आठवड्यांत होते, आणि बरीच जोडपी पाचव्या महिन्यात येऊन विचारतात.