पुसलेली नोंद कुठे कुठे उरते: डेटा गोपनीयतेच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

सॉफ्टवेअर क्षेत्रात काही वर्षे काढल्यानंतर मी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे काम पाहणाऱ्या गटात आले, तेव्हा हे काम म्हणजे मुख्यतः एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी माहिती कूटबद्ध करणे, अशीच माझी समजूत होती. चांगली कुलपे लावावीत, किल्ल्या नीट जपाव्यात, की झाले. नव्याने येणाऱ्या बहुतेकांच्या मनात हेच चित्र असते. माझ्या मनातून ते जायला जवळजवळ वर्ष लागले, आणि त्याची सुरुवात एका अगदी किरकोळ दिसणाऱ्या कामापासून झाली.

एका ग्राहकाने खाते बंद करून आपली सर्व माहिती पुसून टाकण्याची मागणी केली होती. ती पुसली गेली आहे ना, एवढे तपासून मला होकार कळवायचा होता. मुख्य डेटाबेसमध्ये त्या व्यक्तीची नोंद खरोखरच शिल्लक नव्हती. केवळ सवयीने मी तोच ईमेल पत्ता सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधला आणि तो तिथे ओळीमागून ओळी सापडत गेला, कारण पासवर्ड बदलण्यासाठी जी लिंक पाठवली जाई तिच्यातच पत्ता घातलेला असे आणि सर्व्हर आलेली प्रत्येक लिंक जशीच्या तशी नोंदवून ठेवत असे. पुढे तो विश्लेषण विभागाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये निघाला, मार्केटिंगने एका मोहिमेसाठी काढून ठेवलेल्या एक्सेल फाइलमध्ये निघाला, ग्राहकसेवेच्या जुन्या तिकिटाला जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये निघाला आणि ईमेल पाठवण्याचे काम ज्या बाहेरच्या पुरवठादाराकडे दिले होते त्याच्याकडेही निघाला. बॅकअपमध्ये तो असणार हे तर उघडच होते. दोन ओळींचा होकार पाठवायला मला तीन आठवडे लागले.

यातल्या प्रत्येक ठिकाणी माहिती कूटबद्ध होती, प्रत्येक सर्व्हरला पासवर्ड होता आणि कोणीही नियम जाणूनबुजून मोडलेला नव्हता. अडचण एवढीच होती की ही माहिती कुठे कुठे पोहोचली आहे, हे संपूर्ण कंपनीत एकाही माणसाला सांगता येत नव्हते. युरोपीय संघाच्या ‘जीडीपीआर’ या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात, जो मे २०१८ पासून लागू आहे, माहितीवर कोणकोणत्या प्रक्रिया होतात याची नोंदवही ठेवण्यासाठी कलम ३० आहे. पहिल्यांदा वाचताना मला ते कलम निव्वळ कारकुनी वाटले होते. त्या तीन आठवड्यांनंतर मात्र, त्या कायद्यातले एकच कलम नव्या माणसाला वाचायला द्यायचे झाले तर मी तेच देईन. पुसण्याचा हक्क कलम १७ मध्ये आहे आणि अशा मागणीला सर्वसाधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. नोंदवही नसेल तर तो महिना नुसत्या शोधाशोधीतच संपतो.

बॅकअपचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण त्यातली एकच नोंद उचलून काढता येत नाही. आम्ही दोन मार्ग वापरले. पहिला साधा आहे: पुसलेल्या खात्यांच्या अंतर्गत क्रमांकांची छोटी यादी वेगळी ठेवायची आणि बॅकअप कधी परत चढवावा लागला तर सेवा सुरू करण्याआधी त्या यादीप्रमाणे सगळे पुन्हा पुसायचे. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक खात्याची माहिती स्वतंत्र किल्लीने कूटबद्ध करायची आणि पुसायची वेळ आली की किल्लीच नष्ट करायची, म्हणजे बॅकअपमध्ये उरलेला मजकूर कोणालाच वाचता येत नाही. हा उपाय देखणा आहे आणि मुलाखतींत त्याविषयी बोलायला सगळ्यांना आवडते. परंतु मार्केटिंगच्या एक्सेल फाइलमध्ये माहिती त्या किल्लीविनाही वाचता येईल अशी उतरली असेल, तर किल्ली नष्ट करून काहीच साधत नाही.

माझी दुसरी चूक याहून लाजिरवाणी होती. ग्राहकांच्या वापराविषयीची एक यादी बाहेरच्या संस्थेला विश्लेषणासाठी द्यायची होती. मी त्यातील मोबाइल क्रमांकांचा रकाना एसएचए-२५६ या पद्धतीने हॅश केला, म्हणजे प्रत्येक क्रमांकाच्या जागी गणिताने काढलेली अक्षर-आकड्यांची ठरावीक लांबीची ओळ घातली, टिपणात ‘माहिती निनावी केली आहे’ असे लिहिले आणि फाइल तपासणीसाठी एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल परत आली तेव्हा माझ्या हॅशच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना भरलेला होता, आणि त्यात सगळे मूळ मोबाइल क्रमांक होते. खाली एकच ओळ होती: “दहा आकड्यांचे क्रमांक एकूण असून असून किती असतील?”

दहा आकड्यांच्या सगळ्या शक्यता मिळून १००० कोटी होतात. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो, पण साध्या ग्राफिक्स कार्डालाही तेवढे हॅश काढायला काही मिनिटे पुरतात. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरे असले तरी इथे तो उलटा फिरवण्याची गरजच नसते; सगळे क्रमांक हॅश करून जुळवून पाहिले की झाले. त्यानंतर आम्ही हॅश काढताना गुप्त किल्लीही मिसळली आणि ती किल्ली यादी घेणाऱ्यांच्या हाती कधीच जाणार नाही अशी वेगळी ठेवली. काही ठिकाणी तर हॅशऐवजी यादृच्छिक टोकनच, म्हणजे मूळ क्रमांकावरून न काढलेले कोणतेही चिन्ह, वापरले. तरीही अशी माहिती निनावी ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने ती टोपणनावाखालची माहिती असते, म्हणजेच अजूनही वैयक्तिक माहितीच. ‘निनावी’ हा शब्द टिपणात लिहिताना तेव्हापासून माझा हात थोडा अडखळतो, आणि ते बरेच आहे.

क्रमांक पूर्ण काढून टाकले तरी प्रश्न सुटतोच असे नाही. अमेरिकी संशोधक लताण्या स्वीनी यांनी अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवून दिले होते की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड या तीन गोष्टी एकत्र आल्या तर तिथले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरण्याची शक्यता असते. २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे शोध-शब्द, नावांच्या जागी केवळ क्रमांक घालून, संशोधकांसाठी खुले केले होते. पत्रकारांनी काही दिवसांतच त्यातील एका महिलेला तिच्या शोधांवरून हुडकून काढले. डिफरन्शियल प्रायव्हसी ही गणिती पद्धत त्याच वर्षी मांडली गेली आणि अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ती वापरली गेली. एकेका माणसाची माहिती ओळखू येऊ नये म्हणून तिच्यात उत्तरांमध्ये मोजूनमापून गोंगाट, म्हणजे आकड्यांतले यादृच्छिक फेरफार, मिसळतात. नव्या माणसाने तिची कल्पना समजून घ्यावी, पण पहिल्या दोन वर्षांत ती स्वतः वापरावी लागण्याचा योग फारसा येत नाही.

त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ माणसांशी बोलण्यात जातो. नवे फीचर आखले जात असताना नोंदणीच्या फॉर्मवर जन्मतारीख मागितली होती. मी कारण विचारले तेव्हा ‘अठरा वर्षे पूर्ण आहेत का ते पाहायला’ असे उत्तर मिळाले. मग ‘अठरा वर्षे पूर्ण आहेत’ एवढ्या एका चौकटीवर भागेल का, असे विचारल्यावर खोलीत थोडा वेळ शांतता पसरली आणि अखेरीस जन्मतारखेचा रकाना गेला. जो रकाना गोळाच केला नाही तो फुटत नाही, पुसावा लागत नाही आणि त्याची किल्लीही जपावी लागत नाही. माझ्या आजवरच्या कामात सर्वात परिणामकारक ठरलेले ‘तंत्रज्ञान’ हा असा प्रश्नच आहे, मात्र तो फॉर्म तयार होण्याआधी विचारला गेला पाहिजे. फीचर पूर्ण झाल्यावर विचारलात, तर तुम्ही अडवणूक करणारे ठरता. त्यासाठी आराखड्याच्या बैठकीचे निमंत्रण मिळवावे लागते आणि ते मागून घ्यायला संकोच करू नये.

कंपनी कशी आहे हे पारखण्यासाठी मी आता दोनच गोष्टी पाहते. पहिली म्हणजे टेस्टिंगसाठी खऱ्या ग्राहकांची माहिती वापरतात का. मी पाहिलेल्या एका ठिकाणी खऱ्या डेटाबेसची प्रत टेस्टिंगला घेतली होती आणि एका दुपारी चाचणीचे संदेश थेट खऱ्या ग्राहकांच्या फोनवर गेले. दुसरी गोष्ट अशी, की चूक कबूल करणाऱ्याचे तिथे काय होते. वैयक्तिक माहिती फुटल्याचे कळल्यापासून शक्यतो ७२ तासांच्या आत नियामक संस्थेला कळवावे, असे जीडीपीआर सांगतो. ज्याच्या हातून चुकीच्या माणसाला फाइल गेली तो बोलणी बसतील या भीतीने दोन दिवस गप्प राहिला, तर नेमके काय झाले ते शोधायचे दोन दिवस वाया जातात. ज्या ठिकाणी अशी माणसे अर्ध्या तासात येऊन सांगतात, तिथे धोरणाची कागदपत्रे थोडी अपुरी असली तरी काम चांगले चालते. उलट प्रकारही मी पाहिला आहे आणि तिथे कागदपत्रे फार सुंदर होती.

तयारी काय करावी, हे मला वारंवार विचारले जाते. एसक्यूएल ही डेटाबेसमधून माहिती शोधण्याची भाषा उत्तम यायला हवी, कारण माहितीचा माग तिच्याच मदतीने काढायचा असतो. नेटवर्क आणि कूटलेखन यांची तोंडओळख पुरते. स्वतःचा अल्गोरिदम रचण्याच्या फंदात मात्र कधीच पडू नये. कायद्याचा मूळ मजकूर स्वतः वाचावा, सारांशावर विसंबू नये. प्रमाणपत्रे मिळवायला हरकत नाही, परंतु मुलाखत घेताना मी त्यांच्याकडे सर्वात शेवटी पाहते.

आमच्या गटात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात एकच काम दिले जाते. स्वतःच्या नावाने, कुठेही न वापरलेल्या ईमेल पत्त्यावर खाते उघडायचे, दोन दिवस सेवा नेहमीसारखी वापरायची, ग्राहकसेवेला एखादी तक्रार पाठवायची आणि मग खाते पुसण्याची मागणी करायची. त्यानंतर तो पत्ता जिथे जिथे सापडेल ती प्रत्येक जागा वहीत टिपून ठेवायची. गेल्या वेळी आलेल्या मुलीने आम्हाला ठाऊक नसलेल्या दोन जागा शोधून काढल्या. त्यांतली एक मीच तीन वर्षांपूर्वी तयार करून विसरून गेले होते.