शिबिरातलं गाणं टिकतं कसं

इंदूरच्या मे महिन्यात दुपारी मुलांना मैदानावर सोडता येत नाही, तेव्हा शिबिरातले ते दोन तास गाण्याचे. शाळेत हिंदी वाचणाऱ्या आपल्या मुलांना मराठी गाण्यांची लिपी अनोळखी नसते, तरी गाण्यांचे कागद वाटू नका. डोळे कागदावर गेले की आवाज बसतो. ताईनं एक ओळ म्हणावी, मुलांनी लगेच परतवावी. दादाच्या सोयीची पट्टी धरली तर बारकी मुलं खाली नुसती पुटपुटतात; पेटीवर तीन-चार सूर चढवा. दहा दिवसांना चार गाणी पुष्कळ. एक जेवणाआधीचं, एक निरोपाचं, रोज तेच. पुढच्या वर्षी नव्यांना ती जुन्या मुलांनीच शिकवावीत. एखादी चाल त्यांनी वाकडी केली असेल (आमच्याकडे केलीय!) तर राहू द्या.