क्लॉक्स गो फॉरवर्ड, आणि अपॉइंटमेंट पण?

यूकेत नवीन आला असाल तर मार्च संपत आला की ऑफिसात, शाळेच्या गेटवर एकच वाक्य ऐकू येईल, 'क्लॉक्स गो फॉरवर्ड धिस वीकेंड'. मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्रीचा १ वाजला की थेट २ करतात, घड्याळ तासभर पुढे आणि झोप तासभर कमी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे. १९१६ पासून चालू आहे हे. मोबाईल आपोआप बदलतो पण ओव्हन, भिंतीवरचं घड्याळ, जुन्या गाडीतलं घड्याळ आणि बऱ्याच घरांत हीटिंगचा टायमर हाताने बदलावा लागतो, शनिवारी झोपायच्या आधीच करून टाका.

'स्प्रिंग फॉरवर्ड, फॉल बॅक' एवढं पाठ करा, वसंतात पुढे, पानगळीत मागे. फॉल हा अमेरिकन शब्द, इथे ऑटम म्हणतात, पण हे वाक्य इथेही सगळ्यांना कळतं.

आता खरी गोची. घड्याळ फॉरवर्ड म्हणजे पुढे, हे आपल्याला लगेच पटतं, पण मीटिंग 'ब्रॉट फॉरवर्ड' झाली तर ती अलीकडे आलेली असते, लवकर! आणि 'पुट बॅक' झाली तर आपण मराठीत म्हणतो तशी पुढे ढकललेली. म्हणजे घड्याळाच्या बरोब्बर उलटं. पहिल्या वर्षी माझी ११ ची दवाखान्याची अपॉइंटमेंट तासभर 'ब्रॉट फॉरवर्ड' केल्याचं पत्र आलं, मी पुढे ढकलली समजून १२ ला पोचले, ती १० लाच होऊन गेली होती, परत पाच आठवडे थांबले. म्हणून फोनवर कोणी फॉरवर्ड-बॅक म्हणालं की सरळ आकडा बोलून विचारा, 'सो, टेन ओक्लॉक?' यात लाजायचं काही नाही, फोनवर बोलणारी माणसं शांतपणे सांगतात.

घरच्यांना पण आधी सांगून ठेवा कारण भारतात घड्याळ हलत नाही, हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक असतो तो उन्हाळ्यात साडेचार होतो. २०२५ ला तर गुढीपाडवा नेमका त्याच रविवारी, ३० मार्चला होता. मी नेहमीसारखा सकाळी ७ ला फोन लावला, एरवी पुण्यात तेव्हा साडेबारा झालेले असतात, त्या दिवशी साडेअकराच. आई म्हणाली थांब गं, नैवेद्य व्हायचाय अजून.