अमेरिकेतल्या यूट आदिवासींच्या नाचावर प्रोजेक्ट लिहिताय? आधी रांगा मोजा

मानवशास्त्राच्या मुलांचे प्रोजेक्ट मी तपासते. पहिल्याच पानावर ‘नृत्यातून निसर्गाशी नातं’ दिसलं की वही परत. नातंबितं नंतर बघू. आधी सांगा, नाचायला कोण कोणाला बोलावतं?

यूटांच्या अस्वल-नाचात बाई बोलावते. कोलोरॅडोतल्या इग्नासिओला मे महिनाअखेरीस हा नाच असतो. फांद्यांचं गोल कुंपण, आत एक रांग बायकांची, समोर पुरुषांची. बाईने शालीची झालर ज्याच्याकडे झटकली, त्याने उठायचं. टाळाटाळ केलीच तर शिस्त राखणारा ‘कॅट मॅन’ छडी घेऊन हजर! खाचा पाडलेली काठी दुसऱ्या काठीने खरवडतात, खाली पोकळ पेटी असते, आणि अस्वलाची गुरगुर घुमते. याची आकृती स्वतःच्या हाताने काढा. कोण कुठे उभं होतं हे काढताना कळतं, फोटो चिकटवून नाही.

सन डान्स वेगळ्या पानावर घ्या. तो उपासाचा विधी: अन्नपाणी सोडून, मधल्या खांबाकडे पुढे-मागे जात, काही दिवस चालणारा. शेजारी सनावळी मांडा. १८८१ मध्ये व्हाइट रिव्हर आणि अनकंपाग्रे या यूटांच्या दोन गटांना कोलोरॅडोतून युटा राज्यात हाकललं. १८८३ मध्ये सरकारने असे नाच गुन्हा ठरवले. १८९०च्या सुमारास शोशोनी या दुसऱ्या जमातीकडून सन डान्स तिथल्या यूटांकडे आला. १९०५ मध्ये त्यांची राखीव जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली झाली. बंदी उठली १९३४ मध्ये. म्हणजे सगळं हातचं जात होतं तेव्हाच नाच रुजला. मानवशास्त्रज्ञ जोसेफ जॉर्गेन्सनने १९७२च्या पुस्तकात हेच मांडलंय. ते घ्या, पण आजार बरा व्हावा म्हणून उपास धरणाराही त्यात असतो, त्याला राजकारणात बुडवू नका. सन डान्सचे फोटोही शोधू नका, तिथे कॅमेरा चालत नाही. गॅदरिंगला पिसं लावून नाचायचं तर मनातही आणू नका.

बघायचा सराव इथेच करा. गणपतीआधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांची तालीम चालते. मोबाइल खिशात, वही हातात. टोल हे वाद्य कोण वाजवतं, ध्वज कोणाकडे, मुली कुठल्या फळीत, चुकलेल्याला कोण दटावतं, एवढंच टिपा. आणि पथकप्रमुखाला आधी विचारा. बहुतेक जण ‘बसा की’ म्हणतात, फार तर हातात ढोलाचं टिपरू देतात.