'सिल्क' बघायची तर आधी कारकून बघा

लंडनच्या फौजदारी वकिलांवरची बीबीसीची मालिका 'सिल्क' (२०११ ते २०१४, तीन सीझन, प्रत्येकी सहा भाग) मी दोनदा अर्धवट सोडली. फौजदारी कोर्टात बारा वर्षं वकिली करूनही कोण कोणाच्या बाजूनं आहे तेच कळेना. तिसऱ्या वेळी ऑफिसातल्या कारकूनकाकांना शेजारी बसवलं. त्यांना इंग्रजी जेमतेम. पण बिली लॅम्ब फोन कानाला लावून कामं वाटताना दिसला आणि काका हसले, "हा आपल्यातला दिसतोय."

तर पहिला भाग लावलात की नायिका, बॅरिस्टर मार्था कॉस्टेलोकडे नंतर बघा, आधी बिलीकडे. तो शू लेन चेंबर्सचा सीनियर क्लार्क. चेंबर्स म्हणजे आपल्यासारखं एका सीनियरचं ऑफिस नव्हे. तिथे प्रत्येक बॅरिस्टरची प्रॅक्टिस स्वतंत्र. जागा आणि क्लार्क तेवढे सामायिक. सॉलिसिटरकडून (म्हणजे अशिलाशी थेट व्यवहार करणाऱ्या वकिलाकडून) काम आणायचं, ते कोणाला द्यायचं, फीची घासाघीस करायची, सगळं क्लार्ककडे. म्हणून तर मार्था आणि तिचा सहकारी बॅरिस्टर क्लाइव्ह रीडर एकाच छताखाली बसतात आणि कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहू शकतात. हे लक्षात आलं की त्यांच्यातली सलगी आणि चढाओढ वेगळी काढता येत नाही, आणि मालिकेची खरी गंमत तिथेच आहे.

कायमचा सरकारी वकील शोधत बसू नका. आज आरोपीचा बचाव करणारा उद्या सरकारपक्षाकडून उभा राहतो. ब्रीफची, म्हणजे खटल्याच्या कागदांच्या गठ्ठ्याची, फीत बघायची: बचावाची गुलाबी, सरकारपक्षाची पांढरी. आमच्या फायलींना सरसकट एकच दोरा, त्यामुळे मला हे फार आवडलं.

'सिल्क' हे नाव क्वीन्स कौन्सेलच्या, म्हणजे वरिष्ठ दर्जा मिळालेल्या वकिलाच्या, रेशमी गाऊनवरून. पहिल्या सीझनमध्ये मार्था आणि क्लाइव्ह दोघंही त्यासाठी अर्ज करतात. आपल्याकडच्या सीनियर अ‍ॅडव्होकेटसारखंच समजा. (२०२२ मध्ये राणी गेल्यावर तेच लोक किंग्ज कौन्सेल झाले.)

कोर्टातल्या प्रसंगांत आपले सिनेमे विसरा. वकील पिंजऱ्याभोवती फेऱ्या मारत नाही, जागेवरूनच बोलतो. न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. इंग्लंडच्या कोर्टात तो नसतोच. उलटतपासणी चालू असताना ज्युरीच्या बारा जणांचे चेहरे बघा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर आपल्याला ज्युरीची सवयच राहिलेली नाही, म्हणून नजर तिकडे जात नाही. मालिका लिहिणारा पीटर मॉफॅट स्वतः बॅरिस्टर होता, त्यामुळे प्रश्न विचारण्याची ढब अस्सल आहे.

सबटायटल्स लावाच, क्लार्कच्या खोलीतली बोली भराभर जाते. आणि एका रात्री दोनच भाग. आम्ही चार बघितले, आणि दुसऱ्या दिवशी पुकारा झाला तेव्हा वकीलपत्र काकांच्या पिशवीतच होतं.




"ही बाई फी कधी मागते?" काकांनी तिसऱ्या भागात विचारलं. म्हटलं, ती नाही मागत, बिली मागतो. त्यावर काकांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी रिमोट उचलून पुढचा भाग लावला.