एलईडी स्ट्रिपच्या रंग बदलणाऱ्या कोटिंगचं पेटंट: परीक्षणात अर्ज अडकवणाऱ्या या चुका टाळा

पेटंट परीक्षकाच्या टेबलावर तुमची स्ट्रिप कधीच जात नाही. जातो तो कागद. नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात स्ट्रिप लावली की रंग झकास बदलतो, पाहणारा प्रत्येक जण ‘वा’ म्हणतो. पण स्पेसिफिकेशनमध्ये (शोधाचं वर्णन करणाऱ्या अर्जाच्या मजकुरात) जे लिहिलेलं नाही, ते परीक्षणापुरतं घडलेलंच नसतं. नाशिकचे अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलमधल्या पेटंट कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. भरणा ऑनलाइन होतो, सुनावणीही बहुतेक व्हिडिओवरच होते. म्हणजे हेलपाट्यांचा प्रश्न उरलेला नाही. अर्ज अडकतो तो मजकुरावर, आणि त्यातल्या बऱ्याचशा चुका अर्ज भरण्याआधीच झालेल्या असतात.

आधी रील, मग अर्ज

गणपतीच्या सीझनआधी मंडळांना नमुना दाखवला, डीलरला पाच मीटरचा रोल दिला, इन्स्टाग्रामवर रील टाकली आणि दिवाळीनंतर अर्ज केला. हा क्रम उलटा आहे. अर्जाच्या तारखेआधी जे लोकांसमोर आलं ते ‘आधीचं ज्ञान’ ठरतं, मग ते तुम्हीच आणलेलं असलं तरी. ‘भारतात बारा महिन्यांची सवलत मिळते’ असं सर्रास सांगितलं जातं, ते अर्धवट आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३१ची सवलत केंद्र सरकारने गॅझेटमध्ये जाहीर केलेल्या प्रदर्शनासाठी आणि विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधासाठी वगैरे आहे, आणि ती मागायला आता फॉर्म ३१ भरावा लागतो. रील, व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉग आणि डीलरचं बिल त्यात बसत नाही.

उपाय स्वस्त आहे. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर प्रोव्हिजनल (तारीख राखून ठेवणाऱ्या प्राथमिक) अर्जाची ऑनलाइन फी १,६०० रुपये आहे. आधी तो भरा, मग खुशाल रील टाका. उद्यम नोंदणीवर सवलतीची फी हवी असेल तर फॉर्म २८ जोडायला विसरू नका.

रंग नेमका कशाचा बदलतो?

‘रंग बदलणारी एलईडी स्ट्रिप’ एवढंच लिहिलंत तर परीक्षकाच्या शोधात पहिल्या पानावर काय येईल? कंट्रोलरवर चालणारी आरजीबी स्ट्रिप. त्या शब्दांत ती तुमच्या कोटिंगइतकीच बसते, आणि तुमचा क्लेम (ज्यावर हक्क मागता ते वाक्य) नावीन्यावरच अडतो. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करा: बदल थराच्या रंगात होतो की बाहेर पडणाऱ्या प्रकाशात? स्ट्रिप बंद असताना काय दिसतं, चालू असताना काय? बदल कशामुळे होतो: उष्णता, अतिनील किरण की वीजदाब?

ल्यूको डायची (रंगीत-रंगहीन होणाऱ्या रंगाची) मायक्रोकॅप्सूल असलेलं थर्मोक्रोमिक रंगद्रव्य असेल तर ते प्रकाश निर्माण करत नाही, गाळतं. ठराविक तापमानाच्या वर ते विरतं, म्हणजे रंगहीन होतं, आणि एलईडीचा मूळ रंग दिसतो. फोटोक्रोमिक रंगद्रव्याला मात्र अतिनील किरण लागतात. बाजारातला नेहमीचा पांढरा एलईडी म्हणजे ४५० नॅनोमीटरच्या आसपासची निळी चिप आणि वर पिवळा फॉस्फर. त्यात अतिनील भाग जवळपास नसतोच. मग ‘एलईडीच्या प्रकाशाने कोटिंगचा रंग बदलतो’ असं लिहिणारा अर्ज परीक्षकाच्या उघड प्रश्नावरच अडतो: हे घडतं कसं? रंग उन्हामुळे बदलत असेल तर ‘उन्हामुळे’ असंच लिहा.

नाशिकचा मे आणि निफाडचा जानेवारी

बाजारात सहज मिळणारं थर्मोक्रोमिक रंगद्रव्य ३१ अंशांना विरतं. नाशिकला एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो. म्हणजे स्विच दाबायच्या आधीच थर रंगहीन! निफाडला जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होतो, तेव्हा कमी वॅटची स्ट्रिप तासभर चालू ठेवूनही थर ३१ला पोचेल याची खात्री नाही. ‘स्ट्रिप चालू केल्यावर रंग बदलतो’ हे वाक्य त्यामुळे दोन्ही टोकांना खोटं ठरू शकतं.

उदाहरणांत सभोवतालचं तापमान लिहा, किमान तीन: १०, २५ आणि ४० अंश. स्ट्रिपचा प्रकार लिहा: किती व्होल्ट, मीटरला किती एलईडी, मीटरला किती वॅट. ५०५० प्रकारच्या ६० एलईडींची स्ट्रिप मीटरला साधारण १४.४ वॅट खाते, ३५२८ची ४.८ वॅट. दोन्हींच्या उष्णतेत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कोटिंगचं वागणंही तसंच बदलेल. तापताना रंग जातो ते तापमान आणि थंड होताना परत येतो ते तापमान एक नसतं. दोन्ही द्या. एकच आकडा दिला की ‘पुरेसं वर्णन नाही’ या आक्षेपाला दार उघडतं.

मोजणीतल्या चुकाही इथेच होतात. इन्फ्रारेड गन थराचा पृष्ठभाग मोजते, एलईडीच्या सोल्डरचं तापमान नाही. तिथे के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवा. चालू केल्याबरोबर आकडा घेऊ नका, तापमान स्थिरावेपर्यंत थांबा. अर्धा तास बहुधा पुरतो. थराचा रंगफरक (डेल्टा ई) स्ट्रिप बंद ठेवून मोजा. चालू प्रकाशात कलरीमीटर फसतो. प्रकाशाचा रंग वेगळा, तो इंटिग्रेटिंग स्फिअरमध्ये (सगळा प्रकाश गोळा करणाऱ्या पोकळ गोळ्यात) मोजा.

आणि एक जागा जवळजवळ सगळे विसरतात. १२ व्होल्टची पाच मीटरची स्ट्रिप एकाच टोकाने जोडली की व्होल्टेज ड्रॉपमुळे शेपटाकडचे एलईडी मंद जळतात आणि कमी तापतात. परिणामी सुरुवातीच्या मीटरला रंग विरलेला, शेवटच्या मीटरला तसाच. अर्जात मोजणी सुरुवातीची असते आणि क्लेम अख्ख्या स्ट्रिपवर. दोन्ही टोकांची मोजणी द्या. दोन्हीकडून फीड देऊन, २४ व्होल्ट वापरून किंवा थराची जाडी लांबीनुसार बदलून तुम्ही हा दोष काढला असेल, तर तो उपाय अर्जात आलाच पाहिजे.

कलम ३(ई): मिश्रण म्हणजे शोध नव्हे

कोटिंगच्या अर्जांवर हा आक्षेप येतोच असं धरून चला. नुसतं मिश्रण, ज्यात प्रत्येक घटकाचे गुण फक्त एकत्र आले आहेत, ते कलम ३(ई) नुसार पेटंटयोग्य नाही. सिलिकॉन पाणी अडवतं, रंगद्रव्य रंग बदलतं, स्टॅबिलायझर ऊन सोसतं. तिघांना एका डब्यात घातल्यावर तिघांनी आपापलंच काम केलं तर ती झाली बेरीज. कायद्याला बेरजेहून जास्त काहीतरी हवं.

ते दाखवायचा मार्ग एकच: तुलनेचे नमुने. किमान चार. पहिला नुसत्या सिलिकॉनचा, दुसरा सिलिकॉन आणि रंगद्रव्याचा, तिसरा सिलिकॉन आणि स्टॅबिलायझरचा, चौथा तिन्हींचा. चारही एकाच जाडीचे, एकाच रोलच्या स्ट्रिपवर, एकाच करंटवर. सुरुवातीला आणि, समजा, ५०० तासांनंतर रंगफरक आणि ल्युमेन मोजा. चौथ्याचा आकडा दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या बेरजेपेक्षा ठळकपणे पुढे असेल तर तुमच्या हातात उत्तर आहे. नसेल तर अर्ज मिश्रणावर उभा करू नका. थरांच्या रचनेवर किंवा बनवण्याच्या पद्धतीवर करा.

हा तक्ता अर्जासोबतच जायला हवा. ‘एफईआर (पहिला परीक्षण अहवाल) आला की मग टेस्ट करू’ हा विचार महागात पडतो. नंतरची आकडेवारी शपथपत्रावर पुरावा म्हणून देता येते, पण दुरुस्तीला मर्यादा घालणाऱ्या कलम ५९मुळे ती स्पेसिफिकेशनमध्ये घुसवता येत नाही. ज्या परिणामाचा मूळ अर्जात उल्लेखही नाही, त्याचा पुरावा नंतर आणला तर त्याला वजन राहत नाही.

कलम ३(डी) ही त्याचीच बहीण. माहीत असलेल्या पदार्थाचा नवा उपयोग, एवढ्यावर पेटंट नाही. ‘एलईडी स्ट्रिपसाठी थर्मोक्रोमिक रंगद्रव्याचा उपयोग’ असा क्लेम परदेशी नमुन्यावरून उतरवलेला असतो. भारतात तो काढावाच लागतो. वस्तूचा किंवा पद्धतीचा क्लेम लिहा.

वर्कशॉपमधली युक्ती लपवू नका

प्लॅटिनम उत्प्रेरकाचं सिलिकॉन अमाइन, गंधक किंवा कथिलाची संयुगं यांच्या संपर्कात आलं की नीट सेट होत नाही. थर चिकट राहतो. रंगद्रव्य, सोल्डरिंगचं जुनं फ्लक्स, रबराचे हातमोजे, काहीही कारण असू शकतं. सीलबंद थरात अडकलेल्या सॉल्व्हंटच्या वाफेने एलईडीची लेन्स तपकिरी पडते, हाही ओळखीचा त्रास. कारागीर यावर काहीतरी तोडगा काढतात: आधी पारदर्शक थर, तो पूर्ण सेट झाल्यावरच रंगाचा थर, मध्ये भट्टीत ठराविक वेळ. आणि अर्ज लिहिताना नेमकं हेच गाळतात. एक तर ‘ही काय सांगायची गोष्ट’ म्हणून, नाही तर ‘स्पर्धकाला कळेल’ म्हणून.

दोन्ही कारणं चुकीची. कलम १०(४) नुसार तुम्हाला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत उघड करणं बंधनकारक आहे. ती लपवली तर पेटंट मिळाल्यानंतरही रद्द होऊ शकतं. शिवाय सिलिकॉन माहीत, रंगद्रव्य माहीत, स्ट्रिप माहीत. मग नवं काय? बहुतेकदा हा तोडगाच. आम्हाला विचाराल तर पहिला क्लेम याच्याभोवती बांधावा.

एक क्लेम, दोन प्रकारे

असा लिहू नका: ‘उष्णतेने आकर्षक रंग बदलणारं, टिकाऊ कोटिंग असलेली एलईडी स्ट्रिप.’ यात ‘आकर्षक’ आणि ‘टिकाऊ’ मोजता येत नाहीत, आणि उरतं ते फक्त फळ. झाड कुठेच नाही.

असा लिहा (आकडे फक्त नमुन्यादाखल): ‘लवचीक पीसीबी व त्यावरील एलईडी, एलईडींवर ०.८ ते १.२ मिलिमीटर जाडीचा पारदर्शक सिलिकॉनचा पहिला थर, पहिला थर सेट झाल्यावर त्यावर दिलेला १५० ते २५० मायक्रॉनचा दुसरा थर, ज्यात १०० भाग सिलिकॉनमागे वजनाने ४ ते ८ भाग मायक्रोकॅप्सूलबंद थर्मोक्रोमिक रंगद्रव्य असून त्याचं विरण्याचं तापमान ४५ ते ५० अंश सेल्सिअस आहे, अशी स्ट्रिप.’

इथे ‘४ ते ८ भाग’ म्हटलं तर उदाहरणं ४, ६ आणि ८ भागांची हवीत. ६च्या एका उदाहरणावर ‘१ ते ३० भाग’ मागितलं की आक्षेप आलाच. प्रमाण टक्क्यांत दिलंत तर टक्के वजनाचे की आकारमानाचे ते लिहा, आणि बेरीज १०० होते का ते एकदा कॅल्क्युलेटरवर बघा. हसू नका, १०७ टक्क्यांचे फॉर्म्युले अर्जात सापडतात. पुरवठादाराचं ब्रँडनेम क्लेममध्ये नको, रासायनिक नाव द्या. अर्ज हिंदी किंवा इंग्रजीतच द्यावा लागतो, पण पहिला मसुदा मराठीत लिहून बघा. मराठीत गोंधळ दिसला तर तो भाषांतराने जाणार नाही. क्लेम दहाच्या वर गेले की सवलतीच्या दरातही प्रत्येकी ३२० रुपये आणि पानं तीसच्या वर गेली की प्रत्येकी १६०.

तारखा

प्रोव्हिजनलनंतर १२ महिन्यांत कम्प्लीट (क्लेमसह पूर्ण) स्पेसिफिकेशन आलं नाही तर अर्ज सोडून दिल्याचं धरतात. परीक्षण आपोआप होत नाही, फॉर्म १८ भरावा लागतो. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी ४८ नव्हे, ३१ महिने आहेत, आणि तेही सर्वांत आधीच्या अर्जाच्या तारखेपासून. जुने लेख वाचून ४८ धरणारे आजही आहेत. घाई असेल तर फॉर्म १८ए. स्टार्टअप आणि लघुउद्योगांना तो मार्ग खुला आहे; अर्जदार सगळे व्यक्ती असतील तर त्यांत किमान एक महिला हवी. अर्ज आधी प्रकाशित झालेला नसेल तर सोबत फॉर्म ९ लागतो.

केमिस्ट किंवा सल्लागार सहशोधक असेल तर त्याची हक्क सोडल्याची सही अर्जापासून सहा महिन्यांत दाखल करा. भांडण झाल्यावर ती सही मिळत नाही. परदेशात अर्ज करायचा असेल तर भारतातल्या अर्जानंतर सहा आठवडे थांबा किंवा फॉर्म २५वर परवानगी घ्या. कलम ३९ मोडलं तर शिक्षेची तरतूद आहे.

एफईआर आल्यावर

उत्तराला सहा महिने मिळतात, अहवाल जारी झाल्याच्या तारखेपासून. तुम्ही ईमेल उघडल्यापासून नव्हे. मुदत संपायच्या आत फॉर्म ४ भरला तर आणखी तीन. परदेशात अर्ज असतील तर फॉर्म ३ एफईआरपासून तीन महिन्यांत अद्ययावत करावा लागतो, आणि मुख्य उत्तराच्या सहा महिन्यांच्या नादात तो हमखास राहतो.

उत्तर लिहिण्याआधी परीक्षकाने ‘आधीचं ज्ञान’ म्हणून दाखवलेल्या डी-१, डी-२ दस्तऐवजांची प्रकाशन तारीख तपासा. ती तुमच्या तारखेच्या आधीची आहे ना? मग डी-१ मध्ये काय नाही याची यादी करा, आणि त्या यादीतली प्रत्येक गोष्ट तुमच्या क्लेममध्ये आहे का ते बघा. सर्वांत जास्त वाया जाणारा युक्तिवाद हाच असतो: ‘आमच्यात दोन थर आहेत, डी-१ मध्ये एक.’ पण पहिल्या क्लेममध्ये दोन थर लिहिलेलेच नसतात. ते आधी वर्णनातून क्लेममध्ये आणा. वर्णनातही नसतील तर कलम ५९ आडवं येतं, कारण मूळ अर्जात उघड न केलेली गोष्ट दुरुस्तीने आणता येत नाही.

सुनावणी लागली तर दुरुस्त क्लेमचे दोन संच ठेवा, एक हवा तसा आणि एक माघारीचा. कंट्रोलर (सुनावणी घेणारा पेटंट अधिकारी) ‘दुसऱ्या थराची जाडी पहिल्या क्लेममध्ये घेता का?’ असं विचारतो, तेव्हा मालकाला फोन लावायला वेळ नसतो. सुनावणीनंतर लेखी म्हणणं १५ दिवसांत द्यायचं असतं. त्या दिवसांत नवे नमुने बनवून ५०० तास चालवता येत नाहीत. नुसते ५०० तासच एकवीस दिवसांचे होतात.